ओल्या रानाला दुष्काळ म्हणणारे

परवा भूमहून धाराशिवला एसटीनं निघाले होते. भाद्रपद लागून आठवडा झाला असेल. आदल्या दिवशी पाऊस दणकून झालेला, खिडकीची काच जागेवर राहत नव्हती, म्हणून मी ओल्या सीटवर वर्तमानपत्र अंथरून बसले होते. शेजारी पुण्याच्या एक बाई होत्या, तुळजापूरला दर्शनाला निघालेल्या, स्वभावानं गोड, हातातली चिक्की मोडून मला देणाऱ्या. गावाबाहेरची उडदाची रानं मागं पडली आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळी रानं सुरू झाली. बाईंनी बाहेर बघितलं, चुकचुकल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, इकडं पाऊसच नाही वाटतं. सगळी शेतं रिकामी पडलीत बिचारी."

मी म्हटलं, "अहो, तुमच्या चपला कशात आहेत ते बघा."

चपला पाण्यात होत्या. बसच्या तळाच्या पत्र्यावर चांगलं बोटभर पाणी इकडून तिकडं वाहत होतं. त्यांनी पाय वर घेतले, पण मत काही बदललं नाही. पुढं येडशीजवळ रामलिंगची झाडी लागली, डोंगर हिरवागार, तेव्हा त्यांनी मोबाईल काढून चार फोटो घेतले आणि मला समजावून सांगितलं, इथं बघा, इथं पावसाळा आहे.  त्यांचा काही दोष नव्हता. पण उतरेपर्यंत माझं डोकं ठणकत होतं, कारण गेल्या वर्षी याच दिवसांत, अगदी याच गोष्टीवरून, मी एका शिकल्यासवरल्या माणसाशी भांडले होते आणि तो राग अजून पोटात तसाच आहे.

आधी रानाचं सांगते. आमच्याकडची काळी जमीन पावसाळ्यात रिकामी ठेवतात. पडीक नाही, रिकामी. यातला फरक ज्याला कळत नाही त्यानं आमच्या रानावर बोलू नये. जवारी आमची रब्बीची. मृग नक्षत्रापासून उत्तरेपर्यंत जेवढं पाणी पडेल तेवढं त्या जमिनीला पाजायचं, तण उगवलं की कुळव फिरवून पाळी घालायची, परत पाऊस, परत पाळी. हस्ताच्या आगंमागं वाफसा आला, म्हणजे माती हाताला चिकटेनाशी झाली पण आत ओल धरून राहिली, की पेरणी. मग वरून थेंब नाही पडला तरी ती जवारी सगळी थंडी त्या साठवलेल्या ओलीवर उभी राहते, पुरुषभर उंच. म्हणजे आमचं रान पावसाळ्यात काळं आणि थंडीत हिरवं. हल्ली बरेच जण आधी उडीद घेतात, सोयाबीन घेतात, तेही बरोबरच आहे, ज्याचं त्याला पोट आहे. पण रिकामं ठेवलेलं रान अजून जागोजाग दिसतं, आणि ते दिसलं की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांत लगेच पाणी येतं. आमचा कळवळा यायची एवढी घाई का असते लोकांना, देव जाणे.

हे रान मल्लिनाथ आप्पांनी रंगवलं. आप्पा म्हणजे भूमचे जुने पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रॉल्यांच्या मागची नावं, शाळेच्या भिंतींवरचे सुविचार, सगळं त्यांच्या हातचं. मी इथल्या शाळेत चित्रकला शिकवायला आले तेव्हा बाजारातलं एकूण एक अक्षर आप्पांचं होतं. मग फ्लेक्स आले. बघता बघता पाट्या उतरल्या आणि दुकानदारांनी जुने पत्रे मागच्या बोळात फेकले. आप्पांनी त्यातले चार बरे पत्रे हातगाड्यावर घालून घरी आणले, आपलीच अक्षरं आपल्या हातानं बुजवली आणि त्यावर ऑईल पेंटनं स्वतःचं दोन एकर रान काढलं. एकाच बांधावर, एकाच जागी घमेलं पालथं घालून बसायचं आणि समोर दिसेल ते काढायचं. चार पत्रे, चार वेळा तेच रान. दोन वर्षं लागली त्यांना, कारण उन्हाळा अर्धा राहून गेला तर पुढच्या उन्हाळ्याची वाट बघायची, आठवणीनं काढायचं नाही, हा त्यांचा हट्ट.

पहिला पत्रा उन्हाळ्याचा. नांगरून टाकलेली ढेकळं, आणि त्यांचा रंग काळा नाही, राखाडी. काळी माती वाळली की राखेसारखी फिकी पडते, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. आभाळ निळंसुद्धा नाही, नुसतं पांढुरकं. बघताना आपले डोळे आपोआप बारीक होतात. तिसरा पत्रा थंडीचा, सगळा हिरवा. पण एक हिरवा नव्हे. कणीस बाहेर पडायच्या आधी पोटरीत आलेल्या ताटाचा वेगळा, पानाच्या मधल्या शिरेचा पांढरट वेगळा, बांधाजवळ सावलीत वाढलेल्या धाटांचा पिवळसर वेगळा. मी कॉलेजात रंगसंगती शिकले, पण हिरव्याचे इतके प्रकार मला कुणी शिकवले नव्हते. चौथा काढणीचा. जवारी उपटून पेंढ्या पडलेल्या, आणि इतके दिवस पिकात दडलेल्या पायवाटा एकाएकी उघड्या पडलेल्या. त्या पायवाटा बघून मला दर वेळी जरा उदास वाटतं, का ते सांगता येत नाही.

दुसरा पत्रा पावसाचा, आणि भांडण त्याचंच आहे. तो काळाभोर आहे. आप्पांनी काळ्यात किंचित निळा आणि किंचित तांबडा घातलाय, आणि पाळीच्या तासांमधे, म्हणजे कुळवानं पडलेल्या रेघांमधे, आभाळाचा उजेड पडलेला दाखवलाय. असा उजेड ओल्या मातीवरच पडतो. जमिनीला एक भेग नाही. बांधावरच्या बाभळीला पिवळी गोल फुलं आहेत, आणि बाभूळ आमच्याकडं पावसाळ्यात फुलते. बांधाच्या कडेला एक बाई, डोक्यावर पोत्याची खोळ, कमरेत वाकलेली, एक हात पुढं, आणि ओट्यात, म्हणजे पुढं खोचलेल्या पदरात, हिरवी भाजी. एवढ्या खुणा ठेवल्यावर चित्रकारानं आणखी काय करायचं, पत्र्यातून पाणी गळायची सोय करायची?

आता माझंही सांगते, नाहीतर म्हणाल ही बाई दुसऱ्यांनाच बोलतेय. पहिल्यांदा तो पत्रा बघितला तेव्हा मीच म्हणाले होते, "आप्पा, पावसाचं चित्र आहे ना, मग कुठंतरी थोडं हिरवं टाका की." इतकी वर्षं मी पोरांच्या वह्या तपासत आले. पावसाळा म्हटला की छत्री, दोन हिरवे डोंगर, मधून नदी. ज्या पोरांनी तसा डोंगर जन्मात बघितला नाही ती पोरं तो काढायची आणि मी त्यावर बरोबरची खूण करायची. आप्पांनी माझ्यासमोर ब्रश बुडवला आणि रानाच्या कडेनं हिरवी पट्टी मारली. पुढच्या रविवारी गेले तर पट्टी गायब. मी विचारलं तर मान खाली घालून म्हणाले, "बाई, तुमी शिकलेल्या. तुमचं मन मोडू वाटंना म्हणून लावलं हुतं. पर तितं हिरवं न्हाई." त्या दिवशी मला फार शरम वाटली. त्यानंतर मी दर रविवारी तिकडं जायला लागले, शिकवायला नाही, बघायला.

बांधावरची ती बाई म्हणजे आप्पांच्या घरच्या, गिरिजाक्का. आप्पांनी त्यांना काढलं त्या दिवशी मी तिथं होते. पाऊस नुकता उघडलेला. चपलांना इतका चिखल लागला होता की शेवटी मी त्या काढून हातात घेतल्या. गिरिजाक्का खोळ पांघरून बांधावरचा तांदुळजा खुडत होत्या आणि तोंडानं अखंड बोलत होत्या. त्यांचं माहेर कर्नाटकच्या सीमेजवळच्या मुरुमचं, त्यामुळं बोलण्यात कानडी मिसळलेलं. आप्पा म्हणाले, "जरा हलू नगं गं." तर त्या तशाच वाकून म्हणाल्या, "म्या हलले न्हाई तर भाजी कोण करंल? तुमची पत्र्यावरची बाई?" आप्पा हसायला लागले आणि त्यांचा हात हलला, म्हणून त्या आणखी चेकाळल्या. शेवटी "साकु, साकु" म्हणाल्या, म्हणजे कानडीत पुरे, आणि सरळ उठून आमच्याकडं आल्या. लसणाची फोडणी दिलेला तो तांदुळजा मी भाकरीबरोबर खाल्लाय. त्या चित्रात कसलंही दुःख नाही, हे मी पोटात गेलेल्या घासाच्या जोरावर सांगते.

जेवताना त्यांनी स्वतःची गंमत सांगितली. लग्न होऊन आल्या तो पहिलाच पावसाळा. मुरुमकडं या दिवसांत रानं हिरवी असतात, आणि इथं बघतात तर पाऊस कोसळतोय आणि सासरच्या रानात काडी नाही. त्यांनी मनाशी ठरवलं की या घरात बियाणं घ्यायचीसुद्धा ऐपत नाही, बापानं फसून मुलगी दिली. दोन दिवस गुपचूप रडल्या. तिसऱ्या दिवशी सासऱ्यांच्या लक्षात आलं. ते त्यांना रानात घेऊन गेले, हातातली काठी जमिनीत खुपसली, ती अर्धी आत गेली, आणि वर काढून ओली काठी सुनेच्या हातात दिली. म्हणाले, "पोरी, हे आपलं पेव, इथं ओल साठतीय. थंडीत बघ." थंडीत जवारी गिरिजाक्कांच्या डोक्याच्या वर गेली. "तवापासून पावसात काळं रान दिसलं की मला लई बरं वाटतंय बघा, बाई," म्हणाल्या.

म्हणजे चुकल्या त्याही, चुकले मीही. पण आम्ही थांबलो, परत बघितलं. मला राग आहे तो परत न बघणाऱ्यांचा.

त्या दिवसानंतर दीड वर्षानं गिरिजाक्का गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं. घरात त्यांचे फोटो दोनच, दोन्ही लग्नाबिग्नातले, त्यांत त्या अंग आखडून उभ्या. वाकलेल्या, बडबडणाऱ्या, भाजी खुडणाऱ्या गिरिजाक्का फक्त त्या पत्र्यावर राहिल्या. आप्पांनी तो पत्रा स्वयंपाकघराच्या दाराशी टेकवून ठेवला होता. येता-जाता दिसावा म्हणून.

गेल्या वर्षी धाराशिवला मराठवाड्यातल्या ऋतूंवर चित्रप्रदर्शन भरवायचं ठरलं. भरवणाऱ्या संस्थेचं नाव लिहीत नाही, लिहिलं तर त्यांचीच जाहिरात होईल. मी आपल्या हौसेनं चारही चित्रांचे फोटो पाठवले. त्यांचे संयोजक स्वतः गाडी घेऊन भूमला आले, चित्रं बघून वा वा म्हणाले. आप्पा पत्रे द्यायला तयार नव्हते. मीच त्यांच्या मागं लागले. म्हटलं, "आप्पा, अक्कांना चार लोक बघू देत की." तेवढ्यावर ते तयार झाले. प्रत्येक पत्र्याच्या मागं मी कागद चिकटवला, त्यावर क्रमांक आणि नाव: उन्हाळा, पाऊस, थंडी, काढणी.

उद्घाटनाच्या दिवशी मी हॉलमधे शिरले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. थंडीचं हिरवं चित्र पहिलं लावलेलं, खाली चिठ्ठी "वर्षा". मग काढणी, मग उन्हाळा. आणि पावसाचं चित्र सगळ्यात शेवटी, एकटं, वर खास दिवा सोडलेला. चिठ्ठी "दुष्काळ". खाली सुंदर छपाईत लिहिलं होतं की भेगाळलेल्या भूमीचा हा आक्रोश आहे, वाकलेली स्त्री म्हणजे सोसणारा मराठवाडा आहे, आणि पृष्ठभागावरच्या उंचवट्यांतून कोरड्या जमिनीच्या भेगा चित्रकारानं कशा सूचित केल्या आहेत. मी जवळ जाऊन ते उंचवटे बघितले. रंगाखाली आप्पांचीच जुनी अक्षरं होती. तिरपं बघितलं की चक्क वाचता येत होतं, "कटिंग सलून". ज्या पाटीखाली भूमच्या निम्म्या गावानं दाढ्या केल्या, ती म्हणे भूमीचा आक्रोश.

मी संयोजकांना शोधायला बाहेर आले तर फाटकाजवळ आप्पा उभे दिसले. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, खांद्याला पिशवी. फाटकावर बांधलेल्या मोठ्या फ्लेक्सकडं ते मान वर करून बघत होते. फ्लेक्सवर गिरिजाक्का होत्या. माणसाएवढ्या मोठ्या करून छापलेल्या. पण चित्र ओट्याच्या वरच कापलं होतं. भाजी गेली, बांध गेला, बाभूळ गेली. उरली ती पोत्याची खोळ, वाकलेली पाठ आणि पुढं केलेला रिकामा हात. खाली ठळक अक्षरं, दुष्काळग्रस्तांना मदत करा.

आप्पा मला म्हणाले, "बाई, ही गिरिजाच हाय न्हव?"

मी मान हलवली.

"मग हिच्या ओट्यातली भाजी कुटं गेली?"

 पत्रे द्यायला लावले ते मीच. ज्या बाईनं जन्मात कुणापुढं हात पसरला नाही, शेजारणीकडून विरजण आणलं तर वाटीभर ताक परत पाठवलं, तिला यांनी धाराशिवच्या भर रस्त्यावर भीक मागायला उभं केलं होतं. आणि त्यासाठी तिच्या नवऱ्यानंच काढलेला तिचा हात वापरला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते रागानं आलं.

संयोजक आले. मी त्यांना सगळं सांगितलं. ओली माती काळी असते, वाळलेली राखाडी, बाभूळ कधी फुलते, मागं कागद आहे, तो उलटून बघायलाही तुमचा हात गेला नाही. ते शांतपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, कलाकृती एकदा लोकांसमोर आली की तिचा अर्थ लोकांचा होतो."

"लोक अजून आत आलेही नाहीत," मी म्हटलं. "अर्थ तुम्ही काल छापून आणलाय."

"ते आता छापून झालंय ना. आणि मदत चांगल्या कामालाच जाणार आहे."

छापून झालंय. या दोन शब्दांवर आमच्या जिल्ह्याचं सगळं चालतं. एकदा छापलं की पाऊस पडला तरी दुष्काळच. खरोखरचे दुष्काळ आम्ही बघितलेत, टँकरमागं घागरी घेऊन पळालोय, म्हणून तर जास्त राग येतो. त्या दिवसांत यांच्यातला कुणी दिसला नाही, आणि आता ओल्या रानावर येऊन गळा काढतायत. मी तिथं आणखीही बरंच बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही. ते म्हणाले, हवं तर चिठ्ठी बदलू, "ग्रीष्म" करू. म्हणजे दोन उन्हाळे, आणि पावसाचं नाव थंडीच्याच चित्राला. मी कपाळावर हात मारला.

आप्पा या सगळ्यात एक अक्षर बोलले नव्हते. मला त्यांचाही राग यायला लागला होता. तेवढ्यात बघते तर त्यांनी हॉलच्या भिंतीला लावलेली शिडी उचलली, फाटकाला टेकवली आणि वर चढायला लागले. वय बहात्तर. पण सगळा जन्म शिडीवर गेलेला, पाय जराही अडखळला नाही. तिथं दहाबारा कार्यकर्ते होते, कुणीही अडवलं नाही, कारण सगळ्यांना वाटलं फ्लेक्सवालाच असेल. एकानं तर खालून शिडी धरली. आप्पांनी चारही दोऱ्या सोडल्या, कापल्या नाहीत, सोडल्या. फ्लेक्स खाली घेतला, धोतराची करतात तशी नीट घडी घातली आणि काखेत मारला. मग संयोजकांना म्हणाले, "हिला घरी न्यायची हाय. पत्रं बी द्या."

चारही पत्रे आम्ही त्याच दुपारी टेम्पोत घातले. संयोजक टेम्पोपर्यंत आले, तुमचंच नुकसान आहे, पुढं मुंबईत दाखवणार होतो, म्हणाले. आप्पांनी त्यांना नमस्कार केला. मी केला नाही. भूमपर्यंत आप्पा मागं पत्र्यांजवळ बसून आले. वाटेत दोन्हीकडं काळी रानं होती आणि पाळी घालणारी माणसं होती.

पुण्याच्या त्या बाई भेटल्या आणि हे सगळं परत उसळून आलं. धाराशिवहून आल्यावर मला राहवलं नाही, आप्पांच्या रानात गेले. म्हटलं, आप्पा, वर्ष झालं, त्यांनी साधी माफी मागितली नाही, आपण पेपरात देऊ, मी लिहिते. आप्पा कडब्याच्या गंजीवरचे दगड नीट करत होते. म्हणाले, "लिवा की. तुमचा राग लई दिस टिकतोय, बाई." गंजीवर पाऊस लागू नये म्हणून फ्लेक्स अंथरलेला होता. मागची पांढरी बाजू वर, छापील बाजू आत.

मी म्हटलं, "हा तोच ना?"

आप्पांनी एका कोपऱ्यावरचा दगड काढला आणि फ्लेक्स उलटून दाखवला. खालची सगळी अक्षरं काळ्या ऑईल पेंटनं बुजवली होती. ते काळं साधं नव्हतं, त्यात किंचित निळा होता, किंचित तांबडा. आणि गिरिजाक्कांच्या त्या पुढं केलेल्या हातात तांदुळज्याची जुडी रंगवली होती, एकेक पान सुटं, देठ लालसर.

मी वाकून त्या पानांवरून बोट फिरवलं. म्हटलं, "आप्पा, एवढं सुंदर केलंत आणि उलटं का हो अंथरलंत? वरून दिसलं असतं की सगळ्यांना."

आप्पांनी कोपरा परत खाली घातला, त्यावर दगड ठेवला.

"वर ऊन लागतंय," ते म्हणाले. "रंग उडंल तिचा."